एका सुतात तीन मिलिमीटर असतात, सर

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही येत्या ३१ तारखेला निवृत्त होताय हे परवा ग्रुपवर कळलं. निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं तर दोन वाक्यं नीट निघायची नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. तोंडी परीक्षेत 'इंग्लिश बाँड' ही विटा रचायची पद्धत सांग म्हटल्यावर मी हवेतच विटा रचून दाखवल्या होत्या. म्हणून लिहितोय. तुम्ही स्वतः हे फोनवर वाचणार नाही, ताई वाचून दाखवेल. चारचौघांत अशासाठी लिहितोय की आयटीआयमध्ये गवंडी नावाचा ट्रेड असतो, तो शिकवायला निदेशक असतो आणि तो रविवारीही शेडमध्ये विटा मोजत बसलेला असतो, हे आमच्या भागात अजून पुष्कळांना माहीत नाही. माझ्या मामांनी तर ॲडमिशनच्या दिवशीच विचारलं होतं, "गवंडीकाम शिकायला कॉलेज कशाला? बाप काय मेलाय का?"

मामांचं एका अर्थी बरोबर होतं. सातवीपासून सुट्टीत बाबांच्या हाताखाली घमेली उचलली, माल कालवला, दहावीनंतर थापी हातात आली. त्यामुळं वीटकाम शिकवल्याबद्दल आभार मानायला बसलो तर ते अर्धे बाबांकडे जातील. तुमचे वेगळ्याच गोष्टीबद्दल मानायचेत.

२०२१ साल. कोरोनाची दुसरी लाट ओसरून कामं नुकती सुरू झाली होती. कौशल्य स्पर्धेत वीटकामासाठी तुम्ही माझं नाव दिलंत आणि सांगितलंत, दीड महिना रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सराव. मी घरी सांगितलं. बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "भिंत बांधायची, सांजच्याला पाडायची, आन् हजेरी कोण देणार?" त्यांचंही चूक नव्हतं. वर्षभर काम नव्हतं आणि माझी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, घरात लागत होती. मी तुम्हाला 'जमणार नाही' म्हणून फोन केला. तुम्ही फक्त विचारलंत, "मिस्त्री सध्या कुठं काम करतायत?"

दुसऱ्या दिवशी तुमची स्कूटर औशाजवळच्या त्या बंगल्याच्या साइटवर आली. मला वाटलं, आता भाषण होणार. स्पर्धा, देश, पोराचं भविष्य. तुम्ही पाणी मागून प्यायलात आणि बाबांनी त्याच आठवड्यात उभ्या केलेल्या कोपऱ्याजवळ जाऊन उभे राहिलात. पिशवीतून पितळी ओळंबा काढलात. चकती वर भिंतीला टेकवलीत, दोरी सोडलीत आणि लंबक डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहिलीत. मग वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजून डायरीत लिहिलंत. दुसऱ्या बाजूनं परत तेच. बिगाऱ्यांनी काम थांबवलं होतं. इंजिनिअर आलाय असंच सगळ्यांना वाटत होतं.

"मिस्त्री, सात फुटांत दोन मिलिमीटर."

"म्हंजे किती?" बाबांनी विचारलं.

"एक सूतसुद्धा नाही."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. आमच्या धंद्यात त्याच्याखाली माप नाही. सूतभर फरक निघाला तर 'प्लास्टरमध्ये जातंय' म्हणायचं आणि पुढं जायचं. बाबा काही बोलले नाहीत. थापी स्वच्छ होती तरी ती पुन्हा पुसायला लागले. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्सं झाली सर. मालकानं भिंतीला कदी पट्टी लावली न्हाई. ब्रास तेवढे मोजले, पैशे देताना." ब्रास म्हणजे झालेलं काम मोजायचं माप.

त्या डायरीतलं पान तुम्ही फाडून बाबांना दिलंत. तारीख, भिंतीची उंची, सहा आकडे आणि खाली तुमची सही. स्पर्धेचा विषय तुम्ही काढलाच नव्हता. स्कूटरला किक मारताना बाबांनीच काढला. "पोराला न्या," म्हणाले. ते पान अजून घरात देवाच्या फोटोमागं आहे. माझं सहभागाचं प्रमाणपत्र कुठं आहे विचाराल तर शोधावं लागेल.

मग सराव. त्याबद्दल लिहायचं तर शिव्या घालायचा मोह होतो, पण पत्र आभाराचं आहे. सिमेंट नाही, चुना-वाळूचा माल, कारण भिंत संध्याकाळी पाडायची आणि त्याच विटा खरवडून उद्या परत लावायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही थापीला हातच लावू दिला नाहीत. चारशे विटा मोजून त्यांच्या तीन रांगा लावायला सांगितलंत: मापाच्या, जाड आणि पातळ. आपल्या भट्टीची वीट हातानं पाडलेली, एकीला दुसरीचा मेळ नाही. सांधा दहा मिलिमीटरचा धरायचा आणि वीटच पाच मिलिमीटरनं कमीजास्त, तर एक मिलिमीटरचा हिशेब बसायचा कुठं? बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे सोनाराचं काम हाय, गवंड्याचं न्हाई." पण दुसऱ्या रविवारी तेच शेडमध्ये येऊन विटा निवडायला बसले.

विटा कापायचं मशिन आपल्याकडे नव्हतं. एमआयडीसीतल्या फरशीवाल्याचं टेबल कटर तुम्ही रविवारपुरतं मागून आणायचात. त्याचं भाडं तुम्हीच दिलं असणार. मी कधी विचारलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटतेय.

आणि तुमची ती खोड. दुपारी मी जेवून येईपर्यंत नकाशात काहीतरी बदलून ठेवायची. सोल्जर कोर्स, म्हणजे उभ्या विटांचा थर, एक थर वर, पुढं काढलेल्या विटा दहाऐवजी पंधरा मिलिमीटर. मी चिडलो की सांगायचात, वर्ल्डस्किल्सला, म्हणजे जागतिक कौशल्य स्पर्धेत, प्रकल्प आधी जाहीर केला असेल तर स्पर्धेच्या वेळी त्यात तीस टक्के बदल करतात, इथंच सवय कर. तिथल्या गुणांबद्दल सांगितलेलं तर मी अजून माझ्याकडच्या पोरांना सांगतो. जे पट्टीनं मोजता येत नाही, म्हणजे विटांमधल्या दर्जा (सांधे) भरण्याची सफाई वगैरे, त्याला शून्य ते तीन गुण. धंद्यात चालेल एवढं काम असेल तर एक. 'बाजारात चालतंय' याला तीनपैकी एक गुण! बाबा त्यावर अर्धा तास हसत होते.

मधल्या सुट्टीत तुम्ही गोष्टी सांगायचात. १९५० साली माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालची पोरं एकमेकांसमोर कारागिरी दाखवायला उभी राहिली, तिथून वर्ल्डस्किल्स सुरू झालं. भारत २००७ पासून जातोय. २०१९ ला कझानमध्ये आपल्या महाराष्ट्राच्या श्वेता रतनपुरानं ग्राफिक डिझाइनमध्ये कांस्य आणलं, ते कात्रण तुम्ही नोटीस बोर्डावर लावलं होतं. ती कॉम्प्युटरवर काम करणारी, आम्ही चुन्यात हात घालणारे, पण बोर्ड एकच.

एक दिवस मात्र तुम्ही खरोखर चिडला होता. मी इंग्लिश बाँडमध्ये हेडरच्या, म्हणजे भिंतीच्या जाडीत आरपार जाणाऱ्या अख्ख्या विटेच्या, जागी दोन अर्ध्या विटा लावून वेळ वाचवला. बाहेरून दिसत नव्हतं. तुम्ही वरचा थर काढलात, अर्ध्या उचलून माझ्या हातात दिल्यात आणि किल्लारीचं विचारलंत. "तुझ्या बाबांनी थापी कधी धरली?" १९९३ च्या भूकंपानंतर. तेव्हा गवंडी मिळत नव्हते आणि गावंच्या गावं उभी करायची होती. "लोक का मेले माहितीय?" मला वाटायचं, भूकंपानं. तुम्ही फळ्यावर जुन्या माळवदाच्या (जाड मातीच्या छपराच्या) घराची भिंत कापून दाखवलीत. दोन-अडीच फूट जाड, बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, मधे माती आणि कपच्या. दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की ते एकमेकांपासून फाटले आणि डोक्यावरचा मातीचा डोंगर खाली आला. नंतर उरलेली घरं मजबूत करताना भिंतींना आरपार भोकं पाडून त्यांत काँक्रीट भरलं, ते काम बाबांनी स्वतः केलंय. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, हो, पाच-सहाशे भोकं मीच पाडली असतील. का पाडली ते कुणी सांगितलं नव्हतं का? "सांगितलं आसंल. आमी भोकं मोजत हुतो." त्यानंतर मी हेडर कधी तोडला नाही.

स्पर्धा. जिल्हा आणि विभाग पार पडले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. राज्याच्या फेरीत आदल्या दिवशी हत्यारं तपासायला वेळ मिळाला. मी तुमच्या सवयीनं पाणसळ (लेव्हल) भिंतीला लावली, मग उलटी फिरवून त्याच जागी लावली. बुडबुडा सरकला, म्हणजे ती खोटं दाखवत होती. नवी कोरी पाणसळ एसटीच्या टपावरून उतरवताना आपटली असणार. रात्री आठ वाजता ती कुठं बदलून आणणार? तुम्ही पिशवीतून तोच पितळी ओळंबा काढून दिलात आणि म्हणालात, "हा पडला तरी खोटं बोलत नाही." अख्खी स्पर्धा मी त्याच्यावर काढली. शेजारचा पोरगा बघून हसत होता, दुसऱ्या दिवशी हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुकलो. नकाशात बाणाच्या आकाराच्या पुढं काढलेल्या विटा सहाव्या थरापासून होत्या, मी पाचव्यापासून काढल्या. नवव्या थरावर लक्षात आलं. लक्षात यायच्या आधी मी सहज मान वर केली, तर दोरीपलीकडे तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे होता. मला आधी राग आला. पोरगं इथं घाम गाळतंय आणि सर बाहेर चहाच्या टपरीकडे बघतायत. मग कळलं. स्पर्धेच्या वेळात निदेशकानं उमेदवाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही. तुम्हाला चूक दिसली होती. तुमचा चेहरा मला वाचता येतो हेही तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही चेहराच फिरवला होतात.

ती पाठ बघितली आणि मी नकाशा परत वाचला.

चार थर उतरवले. दीड महिना रोज पाडत आलो होतो, हात थरथरले नाहीत. चाळीस मिनिटं गेली. शिट्टी वाजली तेव्हा वरचे दोन थर राहिले होते आणि त्यांचे गुणही गेले. नंबर चौथा. जेवढी भिंत उभी होती ती ओळंब्याला एका मिलिमीटरच्या आत होती, असं मोजणाऱ्या एका परीक्षकांनी नंतर सांगितलं. तुम्ही तेव्हा एकच वाक्य बोललात, "पाडलंस ते बरं केलंस." परतीच्या प्रवासात आपण शेंगदाणे खाल्ले आणि तुमच्या वीजबिलाबद्दल बोललो.

पुढं जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फेरी झाली. ओडिशा पहिलं, आपलं राज्य दुसरं. मी यादी दोनदा वाचली. बहुतेक कौशल्यांना वयाची अट बावीसची, त्यामुळं माझी ती पहिली आणि शेवटची वेळ होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन-तीन महिने वाटत राहिलं. २०२४ ला फ्रान्समध्ये ल्योनला वर्ल्डस्किल्स झाली तेव्हा दिवसभर साइटवर फोन लावून वीटकाम बघत होतो. भारताला चार कांस्य मिळाली, त्यातलं एक पेस्ट्री बनवण्यात. वीटकामात काही नाही. बाबा म्हणाले, "केक मऊ आसतोय, त्याला ओळंबा लागत न्हाई." हे त्यांचं अज्ञान आहे, पेस्ट्रीवाल्यांनी माफ करावं.

सध्या मी पुण्यात आहे. उघड्या विटांची कामं घेतो, प्लास्टर नसलेली. तिथं लपवायला जागा नसते, आर्किटेक्ट जवळ येऊन विटांमधल्या दर्जा बघतात आणि दर ब्रासला साध्या कामाहून बराच जास्त मिळतो. हाताखाली सहा जण आहेत. नवा मिस्त्री आला की त्याच्या पहिल्या कोपऱ्याला मी ओळंबा लावतो आणि आकडे कागदावर लिहून त्याच्या हातात देतो. चांगले असले तरी आणि वाईट असले तरी. एकानं तो कागद लॅमिनेट करून घेतला.

३१ ला मी आणि बाबा दोघं येतोय. बाबांना तुमची शेड परत बघायची आहे. त्यांनी विचारलं, आपण तिथं बांधलेलं काही असेल का रे अजून? मी म्हटलं, बाबा, तिथं आपण फक्त पाडलंय.

आणि सर, तुमचा ओळंबा. राज्याच्या फेरीपासून तो माझ्याकडंच आहे. तुम्ही मागितला नाही, मी दिला नाही. येताना आणतोय. दोरी झिजली होती, बदललीय. पितळ घासलेलं नाही, तुमच्याकडं होता तसाच काळपट आहे.

तुमचा,
चौथ्या नंबरचा विद्यार्थी