बेलींचे नाव का गाळले जाते?

महोदय,

भारत-तिबेट सीमा ठरवणाऱ्या मॅकमोहन रेषेची चर्चा निघाली की ब्रिटिश अधिकारी कॅप्टन फ्रेडरिक बेली यांचे नाव क्वचितच घेतले जाते. १९१३ मध्ये त्यांनी हेन्री मोर्सहेड यांच्यासह त्सांगपोच्या (तिबेटमधील ब्रह्मपुत्रेच्या) दरीपासून तवांगपर्यंत केलेली पाहणी पुढच्या वर्षी सिमल्यात ती रेषा आखताना उपयोगी पडली. याच प्रवासात टिपणवहीत दाबून आणलेल्या निळ्या खसखशीच्या फुलाने वनस्पतिशास्त्रातही त्यांचे नाव राहिले. रशियन क्रांतीनंतर ताश्कंदमध्ये वेश पालटून वावरणाऱ्या बेलींना बोल्शेविकांनी बेलींच्याच शोधासाठी हेर नेमल्याचा किस्सा रंजक आहेच. परंतु त्सांगपोचा माग तीन दशके आधी काढणाऱ्या किंथुप या निरक्षर सिक्किमी माणसाला निवृत्तिवेतन मिळावे, हा त्यांचा आग्रह मला अधिक मोलाचा वाटतो. सरकारने मात्र एकरकमी बक्षिसावर किंथुपची बोळवण केली.

— एक वाचक, सातारा