काराकासहून पत्र

काराकास, 24 फेब्रुवारी 2013

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत व्हेनेझुएलाच्या अध्यक्ष चावेझनंतर कोण आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून आज निवांत लिहितेय. 18 तारखेला पहाटे त्यांना क्युबातून, हवानाहून, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर परत आणलं, लष्करी हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, पण 8 डिसेंबरच्या भाषणानंतर अडीच महिने कोणी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. श्वासनलिकेत ट्यूब आहे असं मंत्रीच सांगतात. मुलींबरोबरचे बेडवरचे फोटो दाखवले, हातात पेपर, बस तेवढंच. 10 जानेवारीची अध्यक्षपदाची शपथ पण राहिली, सुप्रीम कोर्ट म्हणालं नंतर घेतली तरी चालेल. तोवर कारभार उपाध्यक्ष मादुरोंकडे, ऑपरेशनला जाताना चावेझनीच त्यांचं नाव घेतलं होतं, हे मादुरो एकेकाळी बस चालवायचे.

आई, आमच्या बिल्डिंगमध्ये साफसफाईला येणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट झालं, त्या रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावतात आणि चावेझचं नाव काढलं की डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावतात. आणि आमचे घरमालक, 2002-03 च्या संपानंतर तेल कंपनीतून जे 18 हजारांवर लोक काढले त्यातले, ते उघड म्हणतात सुटू दे एकदाचं. दोघंही माझ्याशी इतकं छान बोलतात, पण लिफ्टमध्ये एकत्र आले की एक शब्द नाही, भिंतीकडे बघत उभे. मला ते बघवत नाही.

ऑक्टोबरच्या निवडणुकीत चावेझना 55 टक्के आणि विरोधी पक्षाच्या काप्रिलेसना 44, म्हणजे दोन्हीकडे लाखो माणसं. घटनेप्रमाणे चावेझ गेले तर 30 दिवसांत निवडणूक, आणि मला वाटतं सहानुभूतीवर मादुरो येतील. पण 14 वर्षं सगळं एकाच माणसाभोवती फिरलं, रविवारी टीव्हीवर तासन् तास बोलता बोलता तिथल्या तिथे ऑर्डरी निघायच्या, मग आता आर्मी कोणाचं ऐकणार, पक्षातले संसदेचे अध्यक्ष काबेयोंसारखे लोक किती दिवस गप्प बसणार? समोरच्याशी बसून बोलायची सवयच कोणाला राहिली नाही बाबा, मला खरी काळजी त्याची वाटते.

त्यात याच महिन्यात सरकारने डॉलर 4.30 चा 6.30 बोलिवार (इथलं चलन) केला. साखर नाही, अरेपाचं मक्याचं पीठ नाही, ती म्हणजे इथली भाकरीच, आलं कळलं की रांग.

तुम्ही टीव्ही बघून घाबरू नका. ऑफिसने सांगितलंय बातमी आली की दोन-तीन दिवस घरातच राहा, पाणी, तांदूळ, डाळ भरून ठेवलंय, पासपोर्ट हाताशी आहे. तरी लगेच निघून यायचा विचार नाहीये, निवडणूक होईपर्यंत तरी मी इथेच आहे. फोन लागला नाही तर मेल बघा. आई, बीपीची गोळी वेळेवर घे.

तुमची लेक