नाना, तो आजार बिडीचा नाही

नाशिक,
12 जून 2024

ती. नाना आणि ती. माय,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आजाराच्या भरपाईचा विषय काढला की नाना "जाऊ दे आते, काय करनं शे" म्हणून फोन मायच्या हातात देतात. म्हणून पत्र लिहितेय. नाना, चष्मा लावून सावकाश वाचा आणि मायलाही ऐकवा.

आधी बिडीचं. छातीतलं पाणी काढलं त्या दिवसापासून तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगताय, "माझ्याच कर्माची फळं, बिड्या ओढल्या." नाना, हा आजार बिडीचा नाही. तुकडा तपासून डॉक्टरांनी जे नाव लिहून दिलं ते मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर. बिडीशी त्याचा संबंध नाही. तो बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे न जळणाऱ्या तंतूंच्या खनिजाच्या, धुळीनं होतो, आणि धूळ छातीत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. गावाकडं सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, पण "पूर्वी काय काम करत होता?" हे कुणी विचारलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

तुम्ही सांगितलंत, "बॉयलरच्या पाइपांना दोरी गुंडाळायचो." मी बाजूला उभी होते, आणि मला सुरतेतल्या उधन्याची आपली खोली दिसली. तुम्ही ड्यूटीवरून आलात की दारातच सदरा झटकायचात. भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरं बसलेलं असायचं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, नाना सुरतेतही जिनिंगमध्येच आहेत, आपल्या अमळनेरच्या माणसांसारखे. तुमच्या केसांतला तो कापूस मी वेचून फुंकरीनं उडवायचे.

तो कापूस नव्हता, त्या दोरीतलं अ‍ॅस्बेस्टॉस होतं. आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. 27 जानेवारी 1995 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला होता: अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर जपायची, विमा काढायचा, आजार निघाला तर एक लाख रुपये द्यायचे. तेव्हा तुम्ही रोज तीच दोरी हातात घेत होता. तोंडाला मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर केस करायची नाही," असं तुम्ही म्हणता. नाना, ती भाकरी तुम्ही घाम गाळून मिळवली, कुणी फुकट घातली नाही. आणि आपण भीक मागत नाही. 1923 च्या भरपाईच्या कायद्यात कामामुळं होणाऱ्या रोगांची यादी आहे, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉसनं होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा दोन्ही आहेत. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. अर्जासाठी सुरतेला खेटे नकोत, आपण राहतो तिथे, म्हणजे जळगावातच तो करता येतो.

अवघड काय तेही सांगते, नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. काम सोडल्यावर आजार निघाला, तर तो त्याच कामानं झाला हे आपल्याला दाखवावं लागतं. अर्जाची मुदत दोन वर्षांची; पुरेसं कारण असेल तर भरपाईचे आयुक्त उशीर माफ करू शकतात. चाळीस वर्षं दबा धरून बसणाऱ्या आजाराला दोन वर्षांची मुदत! याचा मला फार राग येतो. वकीलबाई म्हणाल्या, कागद आणि सोबतचे कामगार, यांच्यावर सगळं अवलंबून. तेव्हा लोखंडी पेटीतला फोटोवाला गेटपास, फंडाच्या पावत्या, पगाराची पाकिटं, काहीही फेकू नका. उधन्याला तुमच्यासोबत दोरी गुंडाळणारे धरणगाव-पारोळ्याकडचे जे कुणी हयात असतील, त्यांची नावं आठवून वहीत लिहा. त्यांच्यातही कुणाला दम लागत असेल.

पैसे किती मिळतील? कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर किमान 1,40,000. माणूस गेल्यावर घरच्यांना किमान 1,20,000. हा आकडा लिहिताना हात थांबला माझा. पण तुम्हीच शिकवलंत, हिशोब लपवायचा नाही.

माय, आता तुझं. तुझं नाव या अर्जात कुठंच येत नाही. तू कारखान्यात कधी गेली नाहीस. पण नानांचे कपडे नळावर धोपटण्यानं आपटून तू धुतलेस, आणि सुकल्यावर झटकलेस. कायद्याला तू दिसत नाहीस, धुळीला दिसत होतीस. घरी कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. घाबरवत नाही तुला. दोन महिन्यांपासून तुला कोरडा खोकला आहे, आणि तो तू माझ्यापासून लपवतेस, एवढंच मला कळतं.

आणि गोठ्याचे सिमेंटचे पत्रे पावसाआधी बदलायचे म्हणत होतात, ते तसेच राहू द्या. त्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, गवंड्याला कापू-फोडू देऊ नका. मी आल्यावर बघू.

शनिवारी रात्री येतेय. सोमवारी जळगावला वकीलपत्रावर नानांची सही, आणि त्याच फेरीत मायच्या छातीचा एक्स-रे. पेरणीचं निमित्त सांगू नकोस माय, मी भावाशी बोलले आहे.

तुमची,
ताई