हातातली मॅच

रत्नागिरी,
१३ जुलै २०२५

प्रिय सुमे,

मुंबई ओपन टेनिस बघून झाल्यावर मनूला तू दादरला गाडीत बसवून दिलंस, त्याला पाच महिने झाले. एवढ्यात तुला ना पत्र, ना फोन. रागव, पण आधी वाच. आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तसा कुरकुरतोय, बाकी ठीक.

काल विम्बल्डनची फायनल बघितलीस? श्वियाँतेकनं अनिसिमोवाला ६-०, ६-० हरवलं, ५७ मिनिटांत. इथे पाऊस कोसळत होता. लाईट जाऊ नयेत म्हणून मी आधी देवाला हात जोडले आणि दुसऱ्या सेटला वाटायला लागलं, गेले तर बरं. सेमीफायनलला सबालेंकाला हरवून आलेली मुलगी, तिला एक गेम मिळेना! पण लिहायला बसले ते मनूसाठी.

मे महिन्यात कोल्हापूरला मनू तिसऱ्या सेटमध्ये ५-२ वर होती. समोरची पोर दमलेली. मग मनूच्या सर्व्हिसवर डबल फॉल्ट, लगेच दुसरा, आणि बघता बघता ५-७. बाहेर आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "हातातली मॅच घालवलीस."

हे शब्द तुझ्या ओळखीचे आहेत, सुमे.

१९९३ चा जुलै आठव. तुमच्या माजघरातला टीव्ही, आजीनं भाजलेल्या आठळ्या, आणि विम्बल्डनच्या फायनलला नोवोत्ना तिसऱ्या सेटला ४-१, ४०-३०. एक पॉइंट की ५-१. तिथे तिनं डबल फॉल्ट केला आणि ग्राफनं सलग पाच गेम घेतले. तू ग्राफवाली. तू नाचलीस म्हणून मी न जेवता घरी गेले. (तू मुद्दाम माझ्यासमोर येऊन नाचली होतीस, हे मी आजही म्हणणार.) बक्षीस द्यायला आलेल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर नोवोत्ना रडली, तशी मीही रस्ताभर रडले. आणि त्याच हिवाळ्यात तू जिल्ह्याची फायनल अगदी तशीच हरलीस, तेव्हा तुला काय म्हणाले? त्या परक्या बाईसाठी डोळ्यांत पाणी, आणि तुला ते बोल. तू रॅकेट माळ्यावर टाकलीस ती टाकलीसच. १९९८ ला नोवोत्ना अखेर विम्बल्डन जिंकली, त्या रात्री तू फोन करून "जिंकली गं तुझी" एवढंच म्हणालीस. तेव्हा माफी मागायला हवी होती. आज मागते.

मनूनं दोन महिने रॅकेट हातात धरलेली नाही. पाऊस आहे म्हणते. आहेच, लाल मातीच्या कोर्टाचा चिखल झालाय. पण गेल्या पावसाळ्यात हीच पोर शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर बॉल मारून वॉचमनचं डोकं उठवत होती! फेब्रुवारीत तुझ्याकडून आली तेव्हा आठवडाभर माया राजेश्वरनशिवाय दुसरा विषय नव्हता. पंधरा वर्षांची मुलगी क्वालिफाइंग खेळून आली आणि थेट सेमीफायनलला पोचली, हे तिनं दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. आता ते नाव काढत नाही.

काल बक्षीस समारंभात अनिसिमोवा रडत रडत आईबद्दल बोलली. तिची आई त्याच दिवशी सकाळी विमानानं येऊन पोचली होती. मनू टीव्हीकडेच बघत म्हणाली, "तिची आई तिला काय म्हणाली असेल गं?"

मला उत्तर देता आलं नाही. भात बघायला म्हणून उठले. भात केव्हाच झाला होता.

मी तिला "चुकले" म्हटलंय. "असू दे आई" म्हणते आणि पुढे गप्प. तुझ्याशी बोलेल. तू का सोडलंस ते तिला सांग. मी काय म्हणाले होते तेही सांग, झाकू नकोस.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं झालं का? चिन्मयला नोकरी लागली, फार आनंद झाला. नव्या घराचे फोटो पाठव.

गणपतीला येच. रेल्वेचं तिकीट नाही मिळालं तर एसटीनं ये. परवा तुझ्या वहिनीकडे गेले होते, माळ्यावर तुझी रॅकेट अजून आहे. तारा सैल झाल्यात, पण फ्रेम शाबूत आहे. काढून, पुसून मनूच्या खोलीत ठेवू का, ते कळव. तुला न विचारता हात लावणार नाही.

तुझी,
नंदा