मॉकड्रिलमध्ये न मोजली जाणारी मिनिटं

संपादक महोदय,

शाळा, कारखाना किंवा मोठ्या कार्यालयात मॉकड्रिल झालं की त्याची बातमी ठरलेली असते. सायरन वाजला, इमारत इतक्या मिनिटांत रिकामी झाली, सगळ्यांचं कौतुक झालं. धूर पहिल्यांदा दिसल्यापासून सायरनचं बटण दाबलं जाईपर्यंत किती वेळ गेला, हे त्या बातमीत कधीच नसतं. असणार तरी कसं? ड्रिलमध्ये बटण कधी दाबायचं हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. खऱ्या प्रसंगात घोळ होतो तो नेमका इथेच. शिपाई सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर साहेबांना फोन लावतो, साहेब मीटिंगमध्ये. मग कोणीतरी म्हणतं, "आधी खात्री करून घेऊ, उगाच घबराट नको."

या घबराटीच्या भीतीनेच जास्त नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की धोक्याची घंटा ऐकून लोक सहसा पळत सुटत नाहीत. उलट जागचे हलतच नाहीत. शेजाऱ्याकडे बघतात, हातातलं काम संपवतात, 'टेस्टिंग असेल' म्हणतात. नुसत्या घंटेपेक्षा माणसाच्या आवाजातली स्पष्ट सूचना त्यांना लवकर हलवते. १९७७ साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागली, १६५ माणसं गेली. तिथे वॉल्टर बेली हा अठरा वर्षांचा, टेबलं आवरणारा मुलगा कार्यक्रम चालू असताना थेट मंचावर चढला, माइक हातात घेतला आणि बाहेर पडायचे दरवाजे दाखवून लोकांना निघायला सांगितलं. त्याच्यामुळे कितीतरी जण वाचले. हा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. आपल्या आराखड्यांत तो आधीच का लिहून ठेवू नये? धोका ज्याला दिसेल त्याने सूचना द्यावी, वरिष्ठांना नंतर कळवावं, आणि चुकीच्या सूचनेबद्दल त्याला मेमो मिळणार नाही, एवढं लेखी असलं तरी बरंच साधेल.

चुकीची सूचना जाऊ शकते, हे मान्यच. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या हवाई राज्यात सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो चुकून गेला होता, पण खुलाशाचा संदेश मोबाइलवर यायला ३८ मिनिटं लागली, कारण इशारा मागे घ्यायचा झाल्यास काय पाठवायचं याची तयारीच नव्हती. राज्यपालांना ट्विटरचं लॉगिन आठवेना, ही त्यातली आणखी एक गंमत. तेव्हा 'बाहेर पडा', 'आतच थांबा, दारं लावा' आणि 'धोका टळला' ही तिन्ही वाक्यं आधी लिहून माइकशेजारी चिकटवलेली हवीत. ऐन वेळी कोणालाही नीट वाक्य सुचत नाही.

आता साधनांकडे वळू. माइक असतो मुख्याध्यापकांच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. अ‍ॅम्प्लिफायर साध्या प्लगवर चालतो, म्हणजे मेन स्विच पाडला की आवाज बंद. कपाटातला भोंगा उघडावा तर सेल गळून स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. मशिनपाशी कानात बोळे घालून उभ्या असलेल्या कामगाराला सायरन ऐकू येत नाही, बहिऱ्या विद्यार्थ्याला तर नाहीच. तिथे लुकलुकणारा दिवाच हवा. वॉकीटॉकी चांगले, पण तळघरात चालतात की नाही हे आधी पाहिलेलं बरं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! बहुतेक ठिकाणी सगळी भिस्त त्याच्यावर. एक सूचना टाकली की खाली 'काय झालं?', 'खरं आहे का?' आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग; मूळ सूचना कुठल्या कुठे जाते. निदान अशा ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता यावं. शिवाय एकाच जागेवरून हजारो लोक फोन लावू लागले की नेटवर्क कोलमडतं. कॉल लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा उशिरा का होईना पोचतो, म्हणून ती सोय सोडू नये.

शाळांबाबत एक गोष्ट फारच दुर्लक्षित आहे. पालकांना नुसतं 'शाळेत आग, मुलं सुरक्षित' एवढं कळवलं तर ते सगळे फाटकावर येऊन धडकणार आणि बंब व रुग्णवाहिकेची वाट अडणार. कुठे यायचं, कोणत्या दाराने, मूल कोणाच्या ताब्यात दिलं जाईल, हे पहिल्याच संदेशात हवं. कार्यक्रमांच्या ठिकाणी प्रश्न वेगळा. तिथे आधी संगीत बंद करून दिवे लावावे लागतात, मगच घोषणा ऐकू येते. साउंडवाल्याला कोणाच्या शब्दावर कार्यक्रम थांबवायचा हे माहीत नसेल, तर तो कलाकाराकडेच बघत बसणार.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे मॉकड्रिलची बातमी करताना संस्थेला हे जरूर विचारावं: ड्रिल कोणालाही न सांगता घेतलं होतं का, ठरलेला अधिकारी जागेवर नसताना सूचना कोणी दिली आणि ती रात्रपाळीच्या वॉचमनपर्यंत, कंत्राटी सफाई कामगारापर्यंत किती वेळात पोचली. उत्तर मिळालं नाही, तर तेही छापावं.

— आपला एक नियमित वाचक