शटरचं माप आणि खिशाला कात्री

संपादक महोदय,

आमच्या घराच्या गाडीच्या शेडला नवीन रोलिंग शटर बसवायचं होतं, जुन्याची खालची पट्टी खाऱ्या वाऱ्याने एवढी गंजली होती की उचलताना हाताला पापुद्रे लागायचे. ओपनिंग १० बाय ८, म्हणजे ८० स्क्वेअर फूट असा हिशोब धरून पैसे बाजूला काढले, पण कोटेशनमध्ये माप आलं साडेदहा बाय साडेनऊ, म्हणजे जवळपास १०० फूट! वरचा गुंडाळीचा बॉक्स आणि बाजूच्या गाईडमधली (शटर ज्या खाचेतून सरकतं त्यातली) पट्टी पण मापात धरतात हे आधी कोणी बोललंच नाही. वर १८ टक्के जीएसटी, मोटर वेगळी, वायरिंग वेगळं, जुनं शटर काढायची मजुरी वेगळी, आणि चौकट फोडल्यावर गिलावा करायला गवंडी पुन्हा आपणच शोधायचा.

माझी कळकळीची विनंती आहे, फॅब्रिकेटर मंडळींनी पत्र्याचा गेज (म्हणजे जाडी), माप कसं धरलं ते आणि टॅक्स सगळं पहिल्याच कागदावर लिहून द्यावं. आणि लोकांनीही फक्त फुटाचा रेट विचारून थांबू नका, लाईट गेल्यावर मोटरचं शटर हाताने उघडतं का हे बघूनच ॲडव्हान्स द्या, आमच्याकडे पावसात रात्र रात्र लाईट नसते.

– एक वाचक, रत्नागिरी