गोव्याच्या ट्रायथलॉनविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर,
20 नोव्हेंबर 2022

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अभिनंदनाच्या ओळी तू दोनच लिहिल्यास आणि उरलेले पान प्रश्नांनी भरलेस, याचा मला अधिक आनंद झाला. गेल्या रविवारपासून भेटणारा प्रत्येक जण 'किती वेळ लागला?' एवढेच विचारून पुढे जातो. तू मात्र ट्रायथलॉनमध्ये एकापाठोपाठ करायच्या पोहणे, सायकल आणि धावणे यांपैकी सर्वांत कठीण काय, असे विचारले आहेस. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

गंमत अशी की ही शर्यत जन्मालाच आली ती तुझ्या या प्रश्नापोटी. हवाई बेटांपैकी ओआहू येथे पोहणारे, धावणारे आणि सायकल चालवणारे यांच्यात सर्वांत तंदुरुस्त कोण, असा वाद रंगला होता. तेव्हा अमेरिकी नौदलातील जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्याने सुचवले, की बेटावरच्या तिन्ही लांब स्पर्धा एकाच दिवशी एकापाठोपाठ कराव्यात, म्हणजे निकाल आपोआप लागेल. 1978 च्या फेब्रुवारीत 15 जण पाण्यात उतरले आणि त्यांतील 12 जणांनी शर्यत पूर्ण केली. 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, हे अंतर तेव्हापासूनचे. ते पूर्ण करणाऱ्याला 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुष, म्हणतात. मी गोव्यात केली ती त्याच्या निम्म्या अंतराची: 1.9 किलोमीटर समुद्रात, 90 किलोमीटर सायकलवर आणि 21.1 किलोमीटर पायांवर. हे सगळे मिळून साडेआठ तासांत संपवायचे असते. मी साडेसात तासांच्या आत पोहोचलो. ही वेळ मिरवण्याजोगी नाही आणि लपवण्याजोगीही नाही. गल्लीतल्या पोरांनी मात्र चौकात माझ्या फोटोचा डिजिटल फलक लावून खाली 'लोहपुरुष' असे छापले. निम्म्या अंतराला पूर्ण पदवी देऊ नये, अशी माझी विनंती मंडळाने हसण्यावारी नेली. कोल्हापुरात फलक उतरवणे हे शर्यत पूर्ण करण्याहून अवघड आहे.

आता पाण्याविषयी. राजाराम तलावात पोहून पोहून माझा असा समज झाला होता, की अंतर जमले म्हणजे पोहणे जमले. तो समज मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सरावाला गेलो तेव्हाच गळून पडला होता. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर समुद्राने मला नवे असे फारसे काही दाखवले नाही, फक्त गढूळपणा दाखवला. मांडवी नदी तिथेच समुद्राला मिळते, त्यामुळे पुढे टाकलेला स्वतःचा पंजाही नीट दिसत नाही. तलावात तुम्ही झाडाच्या रोखाने पोहता. इथे पाण्यावर तरंगणारे मोठे रंगीत फुगे हाच काय तो रस्ता. प्रत्येक आठदहा हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून फुगा शोधायचा आणि लगेच मान खाली घालायची. मान जास्त उचलली की पाय बुडतात, आणि पाय बुडाले की तीच ताकद दुप्पट खर्च होते. थंड देशांतले लोक या शर्यतीत रबरी पोशाख घालतात, त्याने अंग आपोआप वर राहते. पाणी साडेचोवीस अंशांहून गरम असेल तर तो घालून बक्षिसासाठी पोहता येत नाही, आणि आपला अरबी समुद्र त्याहून गरम, त्यामुळे तो पोशाख घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तू विचारलेल्या भीतीविषयी प्रामाणिकपणे सांगतो, की ती लाटांची नव्हती, माणसांची होती. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. आपापल्या अपेक्षित वेळेप्रमाणे रांगेत उभे राहायचे आणि थोड्या थोड्या अंतराने पाण्यात शिरायचे, अशी पद्धत आहे. तरीही पहिल्या फुग्याच्या वळणावर गर्दी होतेच. कुणाची टाच गॉगलवर बसते, कुणाचा हात पाठीवर पडतो, आणि छातीत श्वास अडकल्यासारखा होतो. अशा वेळी उताणे होऊन चार शांत श्वास घेणे हा एकमेव उपाय आहे. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन स्वयंसेवक जवळपास असतात, आणि तिला धरून विसावा घेतला तरी कुणी बाद करत नाही; फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. हा नियम आधी माहीत असला तर निम्मी भीती किनाऱ्यावरच राहते. मला कयाक धरावी लागली नाही, पण ती आहे हे ठाऊक असल्यामुळेच धरावी लागली नाही, असे मला वाटते.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलींच्या आवारात शिरायचे. याला सगळे 'ट्रान्झिशन' म्हणतात, आणि घड्याळ तिथेही थांबत नाही. पायाच्या घोट्याला बांधलेली चिप सगळे मोजत असते. डोके गरगरत असते, कानात पाणी असते, आणि त्या अवस्थेत हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलीला हात लावायचा, ही शिस्त पाळावी लागते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ अंगावरची वाळू पुसण्यात इतके रमले होते, की मी गेलो तरी ते पुसतच होते.

सायकल हा तुझा प्रांत, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. नाशिकला तुम्ही चौघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून जाता, ते इथे चालत नाही. पुढच्या सायकलपासून 12 मीटरचे अंतर ठेवायचे. त्या टापूत शिरलास तर 25 सेकंदांत पुढे निघून जायचे, नाहीतर पंच कार्ड दाखवतो आणि पाच मिनिटे तंबूत उभे राहावे लागते. म्हणजे वारा प्रत्येकाने स्वतःच्या छातीवर घ्यायचा. काहींच्या सायकली कित्येक लाखांच्या होत्या आणि मागचे भरीव चाक शेजारून जाताना घुमत असे. माझी साधी रोड सायकल, तिच्या हँडलवर कोपरे टेकण्यासाठी बसवलेल्या दोन दांड्या एवढाच काय तो थाट. पण पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा चढ ज्याने उन्हापावसात केला आहे, त्याला गोव्याचे चढ छळत नाहीत. छळतो तो सपाट रस्ता, कारण तिथे पाय आपोआप जोर करू लागतात. मागून येणारा प्रत्येक जण पुढे जातो आणि मन म्हणते, 'याला तर आपण सहज गाठू.' त्या दिवशी मी सर्वांत जास्त कष्ट घेतले असतील तर ते त्याला न गाठण्यात. नाडीचे ठोके ठरवलेल्या आकड्याच्या वर गेले, की पाय सैल सोडायचा, मग कुणीही पुढे जावो.

याचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. स्नायूंत साठवलेली साखर जोराच्या श्रमात दोनेक तासांत सरत येते, आणि ही शर्यत तर त्याच्या तिप्पट-चौपट चालते. म्हणून तासाला साठेक ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात, आणि ती जाण्याची जागा म्हणजे सायकल. धावताना पोट हिंदकळते. शिवाय अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे धावते, त्यामुळे पचनाला फारसे काही उरत नाही. सगळे जण पाकिटातले जेल, म्हणजे साखरेचा घट्ट पाक, तोंडात पिळत होते. मी ते थोडेच घेतले आणि बाकी खजूर व मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यांवर भागवले. दिवाळी तीन आठवड्यांपूर्वी झालेली. सौभाग्यवतींनी केलेल्या चकल्यांकडे पाठ फिरवून मी सायकलवर बसून बटाटे खायचा सराव करत होतो, हे तिने अजून पूर्णपणे माफ केलेले नाही. परंतु जे पोटाला सवयीचे नाही ते शर्यतीच्या दिवशी खाऊ नये, या बाबतीत मी कुणाचेच ऐकले नाही.

सायकलवरून उतरून धावू लागतानाची पहिली दोन किलोमीटर अशी असतात, की पाय आपले आहेत यावर विश्वास बसत नाही. तीन-साडेतीन तास कंबरेतून वाकून गोल फिरण्याची त्यांना सवय झालेली असते, आणि त्यांना एकाएकी ताठ उभे करून पुढे फेकायला सांगितले जाते. यासाठीच रविवारी पन्हाळ्याहून परत आल्यावर अंगणात सायकल टेकवून मी तसाच विद्यापीठाच्या रस्त्याला धावत सुटत असे. शेजाऱ्यांना वाटायचे, काहीतरी विसरून आलेला दिसतो. त्या सरावाने जडपणा जात नाही, पण तो टिकत नाही एवढे कळते, आणि ते कळणे पुरेसे असते.

खरी परीक्षा त्यानंतरची. नोव्हेंबर असला तरी गोव्याची हवा इतकी दमट, की घाम येतो आणि अंगावरच राहतो. तो उडून गेला नाही तर अंग निवत नाही. ऊन डोक्यावर आल्यावर मी वेगाचा विचारच सोडला. प्रत्येक पाणपोईपाशी चालायचे, टोपीत बर्फ भरून ती डोक्यावर घट्ट बसवायची, दोन घोट मिठाचे पाणी आणि एक घोट कोला घ्यायचा, आणि मग पुढच्या पाणपोईपर्यंत न थांबता धावायचे. नुसते पाणी पीत राहणाऱ्यांची गत मी पाहिली आहे; घामातून गेलेले मीठ परत मिळाले नाही तर पाणीच बाधते. तरणीताठी, सायकलवर मला सहज मागे टाकून गेलेली पोरे रस्त्याकडेला मांड्या चोळत बसलेली दिसली. त्यांतल्या एकाच्या तळहातावर मी खिशातली मिठाची गोळी ठेवली. 'काका, अजून किती राहिले?' असे त्याने कोकणी वळणाच्या मराठीत विचारले. मी खरा आकडा सांगितला, आणि तो ऐकून त्याने पुन्हा मांडी चोळायला घेतली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की तिन्हींपैकी एकही प्रकार सुटा घेतला तर आपल्यासारख्या पंचेचाळिशीच्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा नाही. कठीण आहे ते पहिल्याचा खर्च तिसऱ्याच्या हिशेबाने करणे. सकाळी अंगात सर्वांत जास्त बळ असते, आणि नेमके तेव्हाच ते राखून ठेवायचे असते. माझ्या स्वभावाच्या माणसाला, तू तर मला ओळखतोस, हे पोहण्यापेक्षाही जड गेले. वडील सांगायचे, की तालमीत नवा पठ्ठ्या पहिल्या पाच मिनिटांतच सगळा जोर संपवतो आणि वस्ताद कोपऱ्यात बसून हसतो. त्यांचे म्हणणे मी आयुष्यभर ऐकले, पण माझ्या अंगाला ते यंदा पटले.

शेवटी तुझ्या गुडघ्याविषयी. डॉक्टरांनी धावू नकोस असे सांगितले असेल तर धावू नकोस. जिद्दीला पेटून गुडघा घालवण्याइतकी ही शर्यत मोठी नाही. परंतु गोव्यात रिले म्हणून एक प्रकार असतो, त्यात तिघांनी मिळून एकेक भाग करायचा. मी पोहतो, तू सायकल चालव. तुझा भाचा पुण्यात अर्धमॅरेथॉन धावतो असे तू मागे लिहिले होतेस, त्याला विचारून ठेव. त्याचा होकार आला तर कळव, म्हणजे पुढच्या वर्षीची नोंदणी उघडताच तिघांची नावे देऊन टाकू, कारण उशीर केला तर पणजीत राहायची सोय महाग पडते. आणि जानेवारीत चार दिवस कोल्हापूरला ये. सायकल घेऊन ये. चाकाला चाक न लावता 90 किलोमीटर जायची सवय तुला लावून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी गगनबावड्याचा रस्ता चांगला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध